शिवणबाईंचे शेरे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून मी पडद्यावरची बाई झाले. एकतीस वर्षं उद्योगशाळेच्या वरच्या मजल्यावर सोळा शिवणमशीनच्या रांगांतून फिरले, आणि आज आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून शाळेने दिलेल्या टॅबला शिकवलं. हॉलचं छत गळतंय, दुरुस्तीला वर्ष लागणार, तोवर वर्ग असाच.

चोवीस विद्यार्थी. बावीस बायका, एक रिक्षावाला आणि एक निवृत्त पोस्टमन. सगळे बिस्किटाएवढे दिसतात. मी मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते दाखवलं आणि विचारलं, "कळलं का?" चोवीसही बिस्किटं गप्प. मग कोणाच्या तरी घरातल्या कुकरने शिट्टी दिली. तेवढाच प्रतिसाद.

हे मागे सोफ्यावर पेपर वाचत होते. हे म्हणजे आमचे यजमान. बस डेपोत बत्तीस वर्षं वेळापत्रकं आखून निवृत्त झालेत, आणि आता घरात काय किती वाजता होतं यावर नजर ठेवतात. वर्ग संपल्यावर म्हणाले, "चार मिनिटं उशिरा संपला." मी म्हटलं, "वर्ग आहे तो, बस नाही."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिला गृहपाठ, उशीचा अभ्रा. चोवीस फोटो आले. शेरे लिहायला सकाळ गेली, कारण टॅबला माझी बोटं ओळखूच येत नाहीत. इतकी वर्षं सुया टोचून टोकं अशी घट्ट झालीत की काच म्हणते, कोण हे? शेवटी करंगळीने लिहिलं. एकोणीस जणांना "उसवा." चौघींना "पूर्ण उसवा." पोस्टमनला "चालेल."

हॉलमध्ये असते तर "उसवा" म्हणून शेजारी स्टूल ओढून बसले असते, पहिले चार टाके मीच उसवून दिले असते, आणि ती बाई पुढचे उसवेपर्यंत तिच्या मशीनला तेल घातलं असतं. इथे ते काही नाही. एक शब्द पाठवला की काम झालं. वेळ किती वाचतो!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कोऑर्डिनेटर मुलीचा फोन. मुलगीच ती, माझ्या भाचीच्या वयाची. पाच जणींनी नाव काढून घेतलंय.

"मॅडम, आणखी पाच गेल्या तर वर्ग बंद करावा लागेल."

"अभ्रा उसवायला सांगितला म्हणून?"

"मॅडम, शेऱ्याची एक पद्धत असते. आधी दोन चांगल्या गोष्टी, मग एक सुधारणा, मग प्रोत्साहन."

"दोन चांगल्या गोष्टी नसतील तर?"

"शोधायच्या."

"चार कडांचा अभ्रा. त्यातल्या तीन वाकड्या. शोधू कुठे?"

"चौथी सरळ आहे ना, मॅडम?"

फोन ठेवला आणि उगाच कपाट आवरायला घेतलं. वर्ग बंद झाला तर मी काय करणार? हे सोफ्यावर, मी खुर्चीवर, दोघं घड्याळाकडे बघत बसणार.

यांना सगळं सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "तुझी बोटं त्या काचेवर चालत नाहीत, म्हणून तू एका शब्दावर भागवतेस. तू बोल, मी टाइप करतो."

टायपिंग यांना येतं, हे खरं. मी हो म्हटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

छान बस्तान बसलंय. सकाळी चहानंतर मी टॅबवर फोटो बघते, शेरा सांगते, हे लिहितात. फक्त यांचा हात फार मंदावलाय. मी "उसवा" म्हणावं आणि यांनी सात-आठ मिनिटं टकटक करत बसावं! तीन अक्षरांना सात मिनिटं. डेपोत म्हणे मिनिटाला चाळीस शब्द काढायचे. मी काही बोलत नाही. माणसाचं वय त्याच्या तोंडावर काढू नये.

मधेच काहीतरी विचारतातही. "या रंगाला काय म्हणतात गं?" "मोरपंखी." टकटक. "कोपरे बरे काढलेत का तिने?" "कोपरे बरे आहेत, पण टीप सुटलीय." टकटक टकटक. शिवणाची गोडी लागतेय बहुतेक. या वयात माणसाला काहीतरी छंद हवाच.

विद्यार्थ्यांची उत्तरंही हेच वाचून दाखवतात. बेकरीत काम करणारी एकजण लिहिते, "मॅडम, तुमच्या शब्दांनी हुरूप आला." मी तिला "पट्टी उलटी, उसवा" एवढंच सांगितलं होतं. त्यात हुरूप येण्यासारखं काय आहे ते तिलाच माहीत. पण आनंद आहे. नव्यांच्या अंगात ताकद नाही असं मी उगाच समजत होते.

गेलेल्या पाचांपैकी दोघी परत आल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज मान वर करून लिहितेय. शिक्षकांच्या ऑनलाइन बैठकीत कोऑर्डिनेटर सगळ्यांसमोर म्हणाली, "शेरे कसे असावेत, हे शिवणाच्या मॅडमकडून शिकावं. मी त्यांचे काही शेरे तुम्हाला नमुना म्हणून पाठवलेत. मॅडम, दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "दोन कशाला? एकच पुरतो. पाल्हाळ लावू नका, गोंजारत बसू नका. चूक असेल तर सरळ 'उसवा' म्हणा, पोरं आपोआप सुधारतात."

सगळे खो खो हसले. इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेणारे सर तर खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "मॅडम, तुमची विनोदबुद्धी भारी आहे!" विनोद कुठे केला मी? हे स्वयंपाकघरात काहीतरी पाडून बसले होते त्या वेळी. बघते तर चमचा हातात घेऊन नुसते उभे. चेहरा पांढराफटक. म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. तुझा अभिमान वाटला."

मंगळवार, ४ मार्च

वर्गात एक बाई आहे, तिला मी मनात ऑपरेटर म्हणते. सतरा वर्षं एका हॉस्पिटलमध्ये टेलिफोन ऑपरेटर होती. तिथे आता यंत्रच फोन घेतं, म्हणून हिची नोकरी गेली. आवाज असा की चुकीचा नंबर लागला तरी माणूस थोडा वेळ बोलत राहील. वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच. राहते इथून सात तासांवर.

आज तिचा प्रयोगशाळेतला कोट आला. फोटोत हात खाली सोडून उभी आहे. मी बराच वेळ बघितला. कॉलर अशी बसवलीय की मलाही त्या वयात जमली नसती. पण काखेखाली तिरक्या सुरकुत्या. मुंढा, म्हणजे बाही बसते ती खाच, दोन बोटं खाली कापलाय. हात खाली असेपर्यंत ठीक, वर केला की अख्खा कोट वर ओढला जाईल.

मी सांगितलं, "मुंढा खोल. उसवा. नव्याने बेता."

हे म्हणाले, "अगं, एवढा सुंदर दिसतोय की!"

"तुम्हाला शिवणातलं काय कळतं? लिहा."

आज तब्बल अकरा मिनिटं लागली.

गुरुवार, १३ मार्च



दुपारी ऑपरेटरचा फोन आला. हे फिरायला गेले होते, म्हणून मीच उचलला. तो गोड आवाज पार चिरका झाला होता.

"मॅडम, मी अठरा कोट कापले. शिवून झाले. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेने मला काम दिलं होतं, माझं पहिलं काम. आज तिथल्या एका बाईने घालून बघितला आणि फळीवरची बाटली घ्यायला हात वर केला. कोट पार कमरेपर्यंत वर! सगळ्या हसल्या, मॅडम. चोवीस तारखेला त्यांच्याकडे तपासणी आहे. त्याच्या आत नीट करून द्या, नाहीतर परत न्या म्हणतात."

मी म्हटलं, "पण मी तुला नव्याने बेतायला सांगितलं होतं!"

"नाही, मॅडम. तुम्ही लिहिलंत ते मला पाठ आहे. 'कोट सुरेख झाला आहे. कॉलर तर दुकानातल्यासारखी. मुंढ्याकडे सवडीने जरा लक्ष द्या.' सवडीने लिहिलंत, मॅडम! मला वाटलं, पुढच्या कोटाला बघू."

सवडीने. हा शब्द मी आयुष्यात वापरलेला नाही. माझ्या तोंडात तो बसतच नाही.

तिला म्हटलं, "परवा फोन करते." आणि टॅब उघडला.

एकशे त्रेचाळीस शेरे. बसून सगळे वाचले. "मोरपंखी रंग निवडण्यात तुमची नजर दिसते. कोपरे नेटके. आता टीप एकदा उसवून पुन्हा घातलीत तर अभ्रा वर्षानुवर्षं टिकेल." खाली माझं नाव. "रिक्षा चालवून दमलेल्या हातांनी इतकं बारीक काम केलंत, हेच कौतुकाचं." खाली माझं नाव. तो रिक्षावरून दमून येतो हे मला ठाऊकही नव्हतं. त्याने कधीतरी शेऱ्याच्या उत्तरात लिहिलं असणार, आणि यांनी ते लक्षात ठेवलेलं.

बैठकीत सगळे का हसले ते आज कळलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

शुक्रवार, १४ मार्च

काल हे फिरून आले तेव्हा मी टॅब समोर ठेवून बसले होते. यांनी चप्पल काढता काढताच ओळखलं.

मी म्हटलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे महिनाभर मी उसवा म्हणतेय आणि तुम्ही कविता लिहिताय."

"कविता नाही गं. तू म्हणतेस तेच लिहायचो, जरा..."

"जरा काय?"

हे टेबलाशी बसले. म्हणाले, "तू मला रोज वेंधळे म्हणतेस. म्हणतेस आणि माझा चष्मा शोधून देतेस. इतक्या वर्षांत मला एकदाही वाईट वाटलं नाही, कारण पाठोपाठ चष्मा येतो. त्या लोकांना नुसतंच वेंधळे जात होतं. म्हटलं, चष्मा आपण पाठवू."

मला रडू आलं असतं, पण अठरा कोट डोळ्यांसमोर होते. "चष्मा पाठवलात आणि काच काढून घेतलीत! तिला दिसायला नको मुंढा खोल आहे ते?"

"मुंढा लिहिला होता मी."

"सवडीने!"

यांनी मान खाली घातली. "सवडीने जास्त झालं."

आज दिवसभर आम्ही बोललो नाही. जेवताना यांनी मीठ मागितलं, तेही भिंतीकडे बघून. मी भिंतीला दिलं.

मला यांचा राग आहेच. पण दिवसभर मनात वेगळंच घोळतंय. एक माणूस माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून माझे शब्द मऊ करत होता, आणि ते वाचून लोक परत येत होते. मग मी कोण? गळकं छत?

शनिवार, १५ मार्च

सकाळी ऑपरेटरला व्हिडिओवर बोलावलं. मी ठरवलं होतं की यांचं नाव घ्यायचं नाही. म्हटलं, "तो शेरा माझ्या नावाने आला, म्हणजे तो माझा. चूक माझी आहे."

तेवढ्यात हे मागून आले, इस्त्रीचा शर्ट घालून, डेपोत साहेबांसमोर जायचे तसे. म्हणाले, "ताई, सवडीने हा शब्द माझा. ही बोलते, मी टाइप करतो. हिने उसवायला सांगितलं होतं. मी वेळापत्रकाचा माणूस, जन्मात सवडीने काही केलं नाही, आणि नेमकं तुमच्या बाबतीत लिहून बसलो. मला माफ करा."

पडदा गोठलाय की काय असं वाटलं. मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि कॉलर? दुकानातल्यासारखी म्हणालात, तेही सरांचंच?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला ती कॉलर आठवत होती. मी ती पाहिली होती, मनातल्या मनात वाखाणली होती, आणि तोंडाने एक शब्द काढला नव्हता. यांना शिवणातलं कळत नाही, तरी यांना दिसली.

मी म्हटलं, "दुकानातली कॉलर एवढी चांगली नसते. टोकं बघ कशी सारखी बसलीत. मला तुझ्या वयात असं जमत नव्हतं. मी तेव्हाच बघितलं होतं. सांगायचं राहिलं."

आता मात्र ती रडली. मला रडणाऱ्या माणसाशी कसं वागावं कळत नाही. म्हटलं, "डोळे पूस, कापडावर डाग पडतील. किती कापड उरलंय?"

"कडेच्या पट्ट्या आहेत, मॅडम. हातभर रुंद."

"पुरे. कोट पूर्ण उसवायचे नाहीत. काखेत जिथे बाही आणि बाजूची शिवण भेटते, तिथे चार बोटं उसवायची आणि चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. हात वर जायला जागा मिळते. अठरा कोट, छत्तीस तुकडे."

"नऊ दिवसांत, मॅडम?"

हे मागून म्हणाले, "रोज दोन कोट. नवव्या दिवशी अठरा. मी तक्ता करून देतो."

आम्ही दोघींनी एकाच वेळी यांच्याकडे बघितलं. पण तक्ता चांगला होता.

मंगळवार, १८ मार्च

नवीन प्रकार. मी माझा जुना कोट घेऊन काखेत तुकडा बसवते आणि हे टॅब माझ्या हातांवर धरून उभे राहतात. म्हणजे तिला माझा चेहरा नाही, हात दिसतात. ती बघून तसंच करते. हिला मी एवढे दिवस तोंड दाखवत होते, हात दाखवायचे हे सुचलंच नाही. हात दुखला की हे टॅब दुसऱ्या हातात घेतात, आणि तिकडून ती ओरडते, "सर, मी छत बघतेय!"

पहिला कोट तिच्या धाकट्या जावेने घातला, दोन्ही हात वर केले, मग उत्साहात उडीही मारली. कोट जागच्या जागी. जाऊ म्हणाली, "ताई, यात मी झाडावरसुद्धा चढेन."

तक्त्याप्रमाणे आम्ही एका कोटाने मागे आहोत. मला तीनदा सांगून झालंय.

सोमवार, २४ मार्च

अठरा कोट काल संध्याकाळी पोहोचले. आज तपासणी झाली. दुपारी फोन. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईने कोट घालून सर्वात वरच्या फळीवरची बाटली काढली, परत ठेवली, पुन्हा काढली. मग विचारलं, "काखेतला हा तुकडा कसला?" ऑपरेटर म्हणाली, "हात वर करणाऱ्यांसाठी खास असतो." आणखी बारा कोट सांगितलेत, तसाच तुकडा हवाय म्हणे.

मी म्हटलं, "बारांना तुकडा नको. मुंढा नीट काप."

"पण त्यांना तुकडाच आवडलाय, मॅडम."

घ्या. चुकीची फॅशन झाली.

गुरुवार, २७ मार्च

कोऑर्डिनेटरला सगळं खरं सांगितलं. नमुना म्हणून पाठवलेले शेरे माझे नव्हते, नवऱ्याचे होते, आणि त्यातल्या एकाने अठरा कोट बिघडवले. मनात म्हटलं, आता वर्ग जातो. ती म्हणाली, "मॅडम, मला एक सांगा, सर रिकामे असतात का? इलेक्ट्रिशियनच्या वर्गातही गळती आहे."

मी म्हटलं, "सर रिकामे नाहीत."

आता पद्धत अशी. मी सांगते, हे लिहितात, आणि पाठवण्याआधी मला मोठ्याने वाचून दाखवतात. भांडण होतं. काल एका परकरावरून पाऊण तास झालं. यांना "कदाचित" घालायचं होतं, मी म्हणत होते नाडीची बाजू उलटी आहे, त्यात कदाचित काय? शेवटी "कदाचित" गेलं, पण "चुण्या मात्र एकसारख्या" राहिलं. चुण्या होत्याच एकसारख्या. मी नाही कशाला म्हणू?

गुरुवार, १० एप्रिल

शेवटचा गृहपाठ, स्वतःसाठी शिवलेला कपडा. वर्गात एकवीस उरले. आज ऑपरेटरचं जाकीट आलं. निळं, अस्तराचं, सहा काजांचं. या वेळी तिने तीन फोटो पाठवलेत. हात खाली, हात पुढे, आणि हात वर.

मी पंधरा मिनिटं बघत होते. मुंढा बरोबर. कॉलर नेहमीसारखी. काजं हाताने केलेली, एकेक टाका मोजून घातल्यासारखा. म्हटलं, "लिहा. उत्तम. काही उसवायचं नाही. असा शेरा मी एकतीस वर्षांत फार थोड्यांना दिलाय, तेही लिहा."

टकटक काही होईना. हे चष्मा वर करून टॅबवर वाकले होते.

"अगं," हे म्हणाले, "डावी बाही उजवीपेक्षा जरा पुढे नाही बसलेली?"

"काहीतरीच. फोटो तिरका आहे."

"तिन्ही फोटो तिरके?"

मी टॅब ओढून घेतला. फोटो मोठा केला. डावी बाही अर्धं बोट पुढे होती. मी इतकी खूश होऊन बसले होते की मला दिसलंच नाही.

"असू दे हो," मी म्हटलं. "पहिलं जाकीट आहे तिचं. एवढी मेहनत केलीय."

"असू दे कसं?" हे चांगलेच तापले. "उद्या गिऱ्हाईक सांगेल त्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. उसवायला सांग."

"तुम्हीच सांगा मग."

यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, एक शब्द मी बदलायला लावला, आणि पहिल्यांदाच शेऱ्याखाली यांचं नाव घातलं. पाठवलं. आम्ही दोघं टॅबकडे बघत बसलो. चहा तसाच राहिला.

तिचं उत्तर आलं, तेवढंच:

"सर, तुम्हीपण?"